बंद शस्त्रसंग्रह बघायचा आहे? आधी त्यात काय बघायचं ते ठरवा

प्रश्न रत्नागिरीजवळच्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "रणगाडे, जुन्या लष्करी जीपा, तोफा-बंदुका यांचा मला लहानपणापासून नाद आहे. पण चांगले संग्रह सामान्य माणसाला बंदच असतात. रेजिमेंटची संग्रहालयं, नौदलाच्या आस्थापना, परदेशातली कोठारं, आणि आमच्याच गावातल्या एका घरातली जुनी जीप आणि ठासणीची बंदूकसुद्धा. एक-दोन ठिकाणी अर्ज केले, उत्तर आलं नाही. आत जायला ओळख लागते का? वशिला नसेल तर काय करायचं?" सोबत त्यांनी अर्जाचा मजकूरही दिला आहे: 'मला आपला संग्रह पाहण्याची तीव्र इच्छा आहे, कृपया परवानगी मिळावी.'

माझी नोकरी नौदलाच्या शस्त्रविभागात झाली. शेवटची काही वर्षं एका आस्थापनेतल्या जुन्या शस्त्रांच्या खोलीच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. आता दापोलीला राहतो आणि किनाऱ्यावरच्या किल्ल्यांतल्या तोफांची मापं घेऊन नोंदी करतो. म्हणजे परवानगी देणं आणि मागणं, दोन्ही केलंय. ओळखीने माणूस फाटकातून आत येतो, चहा पितो, हिरवळीवर ठेवलेल्या तोफेपाशी फोटो काढतो आणि जातो. आतली खोली त्याच्यासाठी कोणी उघडत नाही. ती उघडली की वहीत वेळ, नाव आणि कारण लिहावं लागतं, आणि 'साहेबांच्या ओळखीचे' हे काही त्या रकान्यात लिहिता येत नाही. तुमचा अर्ज मी वाचला असता तर मीही बाजूला ठेवला असता. त्यात तुम्हाला काय हवंय ते कळतं, पण मी नेमकं काय काढून दाखवायचं ते कळत नाही.

आधी हे संग्रह बंद का असतात ते समजून घ्या, म्हणजे राग निम्मा होईल. गुप्तता हे कारण लोकांना वाटतं तितकं मोठं नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बंदुकीत लपवण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. मोठं कारण जागेचं: संग्रह छावणीच्या किंवा गोदीच्या आत असतो, आणि तुम्हाला त्या खोलीपर्यंत न्यायचं तर वाटेतल्या चालू कामाच्या सगळ्या गोष्टींवरून न्यावं लागतं. दुसरं कारण हिशोबाचं. प्रत्येक शस्त्र कोणाच्या तरी नावावर 'चार्ज'ला असतं. एक बोल्ट जरी मोजणीत कमी आला तरी चौकशी बसते, आणि त्या माणसाची बदली, बढती, पेन्शन सगळं त्यात अडकतं. तिसरं म्हणजे माणसंच नसतात. संग्रह सांभाळणारा बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी काम करत असतो आणि ही खोली त्याच्या गळ्यात पडलेली असते.

चौथं कारण सहसा कोणी सांगत नाही. जुन्या लष्करी वस्तू हाताळायला सुरक्षित असतातच असं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्यांच्या काही डायलवर अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग दिलेला असे. चमक केव्हाच गेली, पण रेडियम तिथेच आहे. ब्रेकच्या अस्तरात आणि गास्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. तोफगोळ्यांचं तर बोलायलाच नको. 'निकामी' असा कागद सोबत नसेल तर तो गोळा जिवंतच धरायचा, मग तो कितीही गंजलेला असो. जाता जाता तुमच्या भागातल्या खलाश्यांनाही सांगून ठेवा: जाळ्यात असलं काही आलं तर बंदरावर आणून ठोकून बघू नका, हात न लावता पोलिसांना कळवा.

शिवाय बरेच संग्रह मुळात प्रेक्षकांसाठी केलेलेच नसतात. ब्रिटनमध्ये लीड्सला रॉयल आर्मरीज या राष्ट्रीय शस्त्रसंग्रहालयाचं नॅशनल फायरआर्म्स सेंटर आहे. त्याचं मूळ 'पॅटर्न रूम' नावाच्या संग्रहात. सरकारने मंजूर केलेल्या शस्त्राचा एक नमुना मोहोर लावून ठेवायचा आणि कारखान्यांनी त्याच्याशी ताडून माल काढायचा, असं ते काम. हा संग्रह एनफील्डहून नॉटिंगहॅमला आणि २००५ मध्ये रॉयल आर्मरीजकडे आला. आजही तो रांग लावून बघायचा नाही. काम काय ते कळवून, वेळ ठरवून जायचं. अमेरिकेत अ‍ॅबर्डीनचं ऑर्डनन्स म्युझियम, म्हणजे तोफा-दारूगोळ्याचं संग्रहालय, २०१० मध्ये बंद झालं आणि संग्रह व्हर्जिनियातल्या लष्करी तळावर गेला. तिथे तो सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरतात. याउलट मॉस्कोजवळचं कुबिन्का इथलं रणगाडा संग्रहालय. जर्मनांच्या 'माउस' या अजस्र रणगाड्याचा उरलेला एकुलता एक नमुना तिथे आहे, आणि १९९६ पर्यंत ते बाहेरच्यांना बंद होतं. आज बंद म्हणजे कायमचं बंद असं धरू नका, आणि आज उघडं आहे म्हणून पुढच्या वर्षी बघू असंही म्हणू नका. मुंबईची जुनी 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली, तरंगतं संग्रहालय झाली, २०१२ मध्ये सुरक्षेसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. 'एकदा जाऊ' म्हणत राहिलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर कशावर अवलंबून आहे ते सांगतो. तुम्ही भारतीय नागरिक आहात, त्यामुळे इथल्या संस्थांत विनंतीला निदान जागा आहे. परदेशी तळावर तीच विनंती फार अवघड होते. कॉलेजचं किंवा इतिहास मंडळाचं पत्र सोबत असेल तर फरक पडतो. वेळही बघावी लागते. सराव चालू असेल, सीमेवर ताण असेल, कोणी मोठा अधिकारी भेटीला येणार असेल तर उत्तर नाहीच येणार, आणि त्याचा तुमच्याशी काही संबंध नसतो. अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतात. एकाने नाही म्हटलं तर दुसरा हो म्हणू शकतो, म्हणून जुन्या अर्जाची प्रत जपून ठेवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून दार उघडेल असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. त्यातून फार तर कागद मिळतील. खोलीत कोणाला घ्यायचं हा त्याचा विषय नाही, आणि पुढची गोडीगुलाबीची वाटही बंद होते.

मग करायचं काय? एक प्रश्न तयार करायचा, आणि तो घरापासून हाकेच्या अंतरावर तयार करायचा. कोकण किनाऱ्यावर उघड्या आभाळाखाली पडलेल्या तोफा हा प्रचंड संग्रह आहे, आणि बऱ्याच तोफांकडे फोटोपलीकडे कोणी बघितलेलं नसतं.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचंच घ्या. तिथे चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. कान्होजींनी यातूनच इंग्रजांवर गोळे टाकले, असं मुलांना सांगणारे पालक दर रविवारी भेटतात. पण तिथली अक्षरं वाचा: डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड. लो मूरचा कारखाना सुरू झाला १७९१ मध्ये. कान्होजी आंग्रे वारले १७२९ मध्ये. म्हणजे या तोफा त्यांच्या हयातीत असणं शक्यच नाही. मग त्या आल्या कधी? नंतरच्या आंग्र्यांनी विकत घेतल्या, की संस्थान खालसा झाल्यावर इंग्रजांनी आणून ठेवल्या? तोफ आणि गाडा एकाच वेळचे आहेत का? बघा, दोन सालं शेजारी ठेवल्याबरोबर तीन प्रश्न उभे राहिले. यातला कुठलाही घेऊन तुम्ही जगातल्या कुठल्याही तोफसंग्रहाला पत्र लिहू शकता, आणि ते वाचलं जाईल. रॉयल आर्मरीजचा तोफांचा संग्रह पोर्टस्मथजवळ फोर्ट नेल्सनला आहे आणि तो लोकांना खुला आहे. तिथल्या लोकांना लो मूरच्या खुणांविषयी विचारा.

तोफ वाचायची कशी तेही सांगतो, कारण अर्ज यावरच उभा राहतो. मापं तीन घ्या: तोंडाचा आतला व्यास, मागच्या कड्यापासून तोंडापर्यंतची लांबी, आणि ट्रनियनची जाडी. ट्रनियन म्हणजे तोफेच्या दोन बाजूंना असलेले आडवे दांडे, ज्यांवर ती गाड्यात टेकते. त्यांच्या गोल तोंडांवर अनेकदा कारखान्याची खूण, साल किंवा अनुक्रमांक असतो. लोक तिकडे बघतच नाहीत, कारण तोफ जमिनीवर पडलेली असली की ते तोंड खाली किंवा गवतात जातं. इंग्रजी तोफेच्या पाठीवर, बत्ती द्यायच्या भोकाच्या आसपास, कधीकधी तीन आकडे दिसतात. समजा १८-२-७ असे आहेत. गाईड त्याला तारीख म्हणून मोकळा होतो. ते वजन असतं: पहिला आकडा ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटचा, दुसरा २८ पौंडांच्या क्वार्टरचा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे २०१६ अधिक ५६ अधिक ७, एकूण २०७९ पौंड, साधारण ९४३ किलो. याशिवाय खुणा ओळखायला शिका: मुकुटाखाली राजाच्या नावाची अक्षरं, बाणाचं टोक (ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण), ईस्ट इंडिया कंपनीचं चार भागांचं हृदयाकृती चिन्ह, डच कंपनीची एकमेकांत गुंफलेली व्ही-ओ-सी ही अक्षरं. डचांची वखार वेंगुर्ल्यात होती, तेव्हा त्या बाजूला फिरताना ही शेवटची खूण डोक्यात असू द्या. पोर्तुगीज तोफेवर ढालीचं राजचिन्ह शोधा. कोर्लईच्या पोर्तुगीज किल्ल्यात जाल तेव्हा ते लक्षात ठेवा.

अक्षरं पुसट असतील तर खडू, कोळसा, तेल, पाणी काहीही लावू नका. तारेच्या ब्रशने गंज घासणं तर गुन्ह्यासारखंच समजा. खाऱ्या हवेत ओतीव लोखंडाचे पापुद्रे सुटतात, आणि अक्षर नेमकं त्या पापुद्र्यावर असतं. बॅटरी कडेने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने छत्रीची सावली करा. भर दुपारीही अक्षरं उठून येतात. मोजपट्टी फोटोत असू द्या. संध्याकाळच्या तिरप्या उन्हाच्या मोहात भरतीची वेळ विसरू नका. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेली माणसं दरवर्षी अडकतात, आणि ती सगळी बाहेरगावची असतात असंही नाही.

एवढं हातात आलं की पत्र आपोआप लहान होतं. तुम्ही कोण, कुठली वस्तू मोजली, मापं आणि दोन फोटो, आणि मग एक वाक्य: 'आपल्या संग्रहातील अमुक तोफेवर अशी खूण आहे का, असल्यास ती पाहण्यासाठी अर्धा तास मिळेल का? शक्य नसल्यास फोटो पाठवता येईल का?' शेवटचा पर्याय मुद्दाम ठेवायचा. किल्लीवाल्याला नकार न देता काहीतरी देता आलं पाहिजे. माझ्या अनुभवात ज्याने फोटो पाठवला तोच पुढे कधीतरी 'आता येऊनच बघा' म्हणतो. पत्र प्रमुख अधिकाऱ्याच्या पदनामाने लिहा, नावाने नको. ओळखपत्राची प्रत जोडा. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर टाका. रत्नागिरीलाही आहे, ओरोस आणि अलिबागलाही. तिथे सेवानिवृत्त मंडळी भेटतात, आणि कुठल्या रेजिमेंटच्या केंद्रात कोणाला लिहायचं हे त्यांच्याइतकं नीट कोणी सांगणार नाही. महाडजवळ फौजी आंबवडे गाव आहे, घरटी सैनिक असणारं. असल्या गावातल्या पेटीतला एखादा बिल्ला, पगाराचं पुस्तक किंवा पलटणीचा फोटो हासुद्धा रेजिमेंटच्या संग्रहालयाला विचारण्यासारखा उत्तम प्रश्न आहे. तिथे तर तुम्ही काहीतरी घेऊन जाता, मागायला जात नाही.

परवानगी मिळाली तर आत मोबाईल जमा करायला कुरकूर करू नका. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा आहे आणि तो अजून लागू आहे. 'मी फक्त तोफेचा फोटो काढत होतो' हे फाटकावर कोणी ऐकून घेत नाही. वही-पेन्सिल न्या. विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नका, आणि बंदूक हातात दिली तर ती रिकामी असल्याचं देणाऱ्याने सांगितलं तरी स्वतः बघा. तुम्ही तसं केलंत तर त्याला बरंच वाटेल.

आता गावातली जीप आणि बंदूक. खरं तर हेच दार सगळ्यांत अवघड आहे, कारण इथे आत घेण्याचे नियम नाहीत, माणसाचा स्वभाव आहे. बंदुकीपुरतं बोलायचं तर मालक दाखवत नाही याचं कारण बहुधा भीती असते. कोकणात ठासणीच्या बंदुका शेतीसंरक्षणासाठी परवान्यावर असतात. माकडं आणि रानडुकरं काय करतात ते तुम्हाला मी सांगायला नको. निवडणूक आली की त्या बहुधा ठाण्यात जमा कराव्या लागतात. परवाना आजोबांच्या नावावर, आजोबा वारले, बंदूक माळ्यावर तशीच राहिली, असं अनेक घरांत झालेलं आहे. शंभर वर्षांची झाली म्हणजे ती आपोआप 'अँटिक' होते आणि परवाना लागत नाही, हा समज चुकीचा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या पद्धतीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या अशा शस्त्राला, जे दुरुस्ती करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. खेड्यातली ठासणीची बंदूक तर दारू ठासली की उडते, आणि हाच कायदा पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतो. तेव्हा ती या सवलतीत बसत नाही. परवानाधारक वारल्यावर वारसाने ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग आपल्या नावाने अर्ज करायचा, हा सरळ मार्ग आहे. तुम्ही त्या घरी जाऊन आधी 'कागद आहेत का' विचारलंत तर दार कायमचं मिटेल. फोटो काढून समाजमाध्यमावर टाकलात तर त्याहून वाईट. तलवारींचा नियम वेगळा आणि अधिसूचनांवर अवलंबून आहे. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेतच विचारा.

जीपचं जरा सोपं. मालकाला विचारायचा प्रश्न: विलीज की फोर्ड? महायुद्धातल्या जीपा दोन्ही कारखान्यांनी बनवल्या आणि लांबून सारख्याच दिसतात. रेडिएटरच्या खाली वाकून चौकटीचा पुढचा आडवा दांडा बघा: गोल नळी असेल तर विलीज, उलट्या वाटीसारखा चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डच्या बोल्टांच्या डोक्यावर बारीक एफ कोरलेला असे. आणि युद्धानंतर महिंद्रांनी इथे जोडलेल्या जीपा वेगळ्याच, त्या लष्करी म्हणून विकल्या जातात तेव्हा सावध राहा. डॅशबोर्डवरच्या पितळी पट्टीवर विश्वास ठेवू नका; त्या पट्ट्या नव्याने बनवून मिळतात. इतकं तुम्हाला ठाऊक आहे हे कळलं की मालक स्वतःच बॉनेट उघडतो, हे मी अनेक अंगणांत पाहिलंय. त्याला उपयोगी पडेल अशी एक गोष्टही सोबत न्या: २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालत नाही. पैसे भरायचे की नाही ते त्याचं तो ठरवेल.

खासगी संग्रहांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: ते माणसाबरोबर जातात. कॅलिफोर्नियात जॅक लिटलफील्ड नावाच्या गृहस्थाने दोनशेहून अधिक लष्करी वाहनं जमवली होती, त्यात दुरुस्त करून चालता केलेला जर्मन 'पँथर' रणगाडाही. ते २००९ मध्ये वारले आणि २०१४ मध्ये बहुतेक गाड्यांचा लिलाव झाला. आपल्याकडे लिलावही होत नाही, भंगारवाला येतो. म्हणून गावातल्या त्या घराला कुबिन्काच्या आधी नंबर द्या.

आणि हो, उघडी दारं बघितली आहेत ना? अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय तिकीट काढून बघता येतं. पकडलेल्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्यापासून रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपर्यंत पन्नासच्या आसपास वाहनं आहेत. गोव्यात दाबोळीला नौदलाचं विमान संग्रहालय, कारवारला किनाऱ्यावर 'चपळ' ही क्षेपणास्त्र नौका. नौदलाची 'गुलदार' ही १९८५ ची युद्धनौका २०२४ मध्ये निवृत्त झाल्यावर सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समुद्रात पाण्याखालच्या संग्रहालयासाठी राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे दिली गेली. नोकरीत असताना तिच्यावर पाऊल ठेवायला पास लागला असता. ही ठिकाणं बघून आलात तर पत्रात त्यांचा उल्लेख करा; वाचणाऱ्याला कळतं की माणूस फिरलेला आहे.

तुम्ही रत्नागिरीचे, तेव्हा रत्नदुर्ग किंवा जयगडपासून सुरुवात करा. एकच तोफ निवडा, तीन मापं, ट्रनियनच्या दोन्ही तोंडांचे फोटो, मोजपट्टीसकट. मग पत्राचा मसुदा इथेच टाका. कुठल्या संग्रहाला पाठवायचं ते तोफ बघून सांगतो.